सकाळी फिरतो, मग कट्टा का उचलत नाही?

2024 च्या गुढीपाडव्याच्या दोन दिवस आधी जळगावातल्या एका दालमिलच्या कामगारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो आला. पहाटेचा उजेड, बागेतलं ओपन जिम आणि कंबर फिरवायच्या लोखंडी चकतीवर उभा असलेला चव्वेचाळीस वर्षांचा माणूस. खाली कुणीतरी लिहिलं होतं, "कंबर दुखते म्हणे! कट्टे वाहायला आम्ही आहोतच." कट्टा म्हणजे धान्याचं पोतं. दुपारपर्यंत फोटो मुकादमाकडून शेठजींकडे गेला. संध्याकाळी शेठजींचा मला फोन आला. "डॉक्टर, तुमचा पेशंट व्यायाम करतोय. म्हणजे बरा झाला ना? मग उद्यापासून कामावर पाठवा."

मी जळगावात फिजिओथेरपीची प्रॅक्टिस करतो. हा प्रश्न मला आधीही अनेकांनी विचारला होता, पण कुणाची नोकरी त्यावर टांगलेली असताना नाही. सुट्टीवर असलेला माणूस व्यायाम करताना दिसला की तो कामाला लायक आहे, असं लोक धरून चालतात. हे गृहीतक किती चुकीचं आहे आणि कुठे थोडंसं बरोबरही आहे, ते या एका माणसामुळे मला नीट उलगडलं. म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे. माणसाची आणि मिलची ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. मिलमध्ये त्यांना सगळे बापू म्हणतात, मीही तेच म्हणेन.

बादलीचं निमित्त

बापू मूळचे धरणगाव तालुक्यातले. घरची कोरडवाहू जमीन भाऊ कसतो, हे बावीस वर्षांपूर्वी जळगावात आले आणि हमालीला लागले. शेवटची नऊ वर्षं एकाच मिलमध्ये, हजेरीपटावर नाव, पगारातून कर्मचारी राज्य विम्याची कपात. जानेवारीत नवीन तूर यायला लागली की दालमिलमध्ये श्वास घ्यायला फुरसत नसते. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, सलग तीन दिवस गाड्या खाली केल्यानंतर, चौथ्या दिवशी सकाळी घरी अंघोळीच्या पाण्याची बादली उचलायला ते वाकले आणि कमरेत कळ आली. दुसऱ्या दिवशी ती उजव्या पायातून टाचेपर्यंत उतरली.

पुढे शेठजींनी या बादलीचा खूप आधार घेतला. "दुखणं घरचं आहे, मिलचं नाही." कागदावर ते खरंच होतं. पण मणक्याची चकती एका बादलीने फाटत नाही. ती वर्षानुवर्षं झिजत येते आणि शेवटचं निमित्त अगदी क्षुल्लक असतं. कुणी शिंकतो, कुणी चप्पल घालायला वाकतो. झीज फक्त कट्ट्यांनी झाली असंही मी म्हणणार नाही. वय असतं, आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, बापूंची तंबाखूही होती.

पहिले सतरा दिवस ते खाटेवर पडून राहिले. त्यांची बायको, म्हणजे वहिनी, तेलाने चोळत होत्या. गावाकडून एक हाड बसवणारा आला, त्याने पाय ओढला आणि त्या रात्री बापूंना झोप लागली नाही. मग विमा दवाखाना, एमआरआय. कमरेचा पाचवा मणका आणि त्याखालचं माकडहाडाकडे जाणारं हाड यांच्यामधली चकती उजवीकडे सरकून नसेवर टेकली होती. पायातली ताकद फारशी गेली नव्हती, लघवी-शौचावर ताबा होता, बसायच्या जागी बधिरपणा नव्हता. तसं काही असतं तर गोष्ट ऑपरेशनकडे गेली असती. अशा दुखण्यात बहुतेक माणसं सहा ते बारा आठवड्यांत ऑपरेशनविना सावरतात.

माझ्याकडे ते फेब्रुवारीच्या शेवटी आले. उताणं झोपवून उजवा पाय सरळ वर उचलला तर पस्तीस अंशांवरच कळ टाचेपर्यंत गेली. दहा मिनिटांहून जास्त उभं राहता येत नव्हतं. भिंतीला हात लावून एका पायाच्या चवड्यावर उभं राहायला सांगितलं. डाव्या पायावर वीस वेळा सहज झालं, उजव्यावर चार वेळा आणि टाच खाली आली. त्या पोटरीला जाणारी नस दबलेली होती.

आणि इथे माझ्याकडून एक चूक झाली. ती पुढे बापूंना भोवली, म्हणून आधीच सांगून टाकतो. मी चिठ्ठीवर लिहिलं, "पूर्ण विश्रांती. कामावर जाऊ नये." तोंडी मात्र सांगितलं, "बापू, पडून राहू नका. रोज चाला." चिठ्ठीतले पहिले दोन शब्द निव्वळ सवयीने लिहिलेले होते. वर्षानुवर्षं आम्ही सगळेच ते लिहीत आलो. ते उपचाराला धरून नव्हते आणि मी स्वतः जे सांगत होतो त्याच्या बरोबर उलट होते. मुकादमाने ती चिठ्ठी पाहिली होती. नंतर त्याने तो फोटो पाहिला. खोटारडेपणाचा संशय यायला त्याला माझ्या अक्षराचाच पुरावा मिळाला.

"दिनभर कट्टा वाहतस, आखो कसाना व्यायाम?"

पहिल्याच दिवशी वहिनींनी हे विचारलं. दिवसभर कट्टे वाहणाऱ्या माणसाला आणखी व्यायाम कसला? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्याकडे शेतात राबणाऱ्या, हमाली करणाऱ्या, विटा वाहणाऱ्या प्रत्येकाच्या घरात तो असतो. शहरातले डॉक्टरसुद्धा कष्टकऱ्याला व्यायाम लिहून देत नाहीत, कारण त्यांनाही वाटतं की याचा व्यायाम होतोच.

होत नाही. कामावरचा शारीरिक कष्ट आणि कामाबाहेरचा व्यायाम यांचा शरीरावर एकसारखा परिणाम होत नाही, हे आता बऱ्याच अभ्यासांतून दिसलं आहे. त्यांतला मोठा अभ्यास कोपनहेगनमधला, 2021 साली प्रसिद्ध झालेला, एक लाख चार हजारांहून अधिक लोकांचा. फावल्या वेळात जास्त हालचाल करणाऱ्यांत हृदयविकार आणि मृत्यूचं प्रमाण कमी आढळलं. कामावर जास्त कष्ट करणाऱ्यांत मात्र ते जास्त आढळलं. कष्टाची कामं करणाऱ्यांची गरिबी, तंबाखू वगैरे गोष्टी हिशेबात धरूनही फरक पूर्ण मिटला नाही. कारणांवर संशोधकांची चर्चा चालू आहे, पण कट्टा वाहणाऱ्याकडे पाहिलं की त्यातली काही डोळ्यांनी दिसतात. व्यायाम अर्धा-पाऊण तासाचा असतो, मग शरीर भरून निघतं. हमाली आठ-आठ तास चालते आणि भरून निघायच्या आत दुसरी गाडी दारात उभी असते. व्यायामात आळीपाळीने सगळे स्नायू चालतात, हमालीत तेच खांदे, तीच कंबर. फिरताना धाप लागली तर माणूस थांबतो. पाठीवर कट्टा घेऊन फळीवर चढणारा थांबू शकत नाही, कारण मागे दुसरा कट्टा घेऊन उभा असतो.

वहिनींना मी एवढंच सांगितलं, की बापूंच्या कामाने त्यांचं शरीर झिजतं, व्यायामाने ते भरून काढायचं आहे. त्यांना पटलं की नाही कुणास ठाऊक, पण दुसऱ्या दिवसापासून त्या पहाटे उठून बापूंसोबत गल्लीत चालू लागल्या.

सुरुवात दोनशे पावलांची होती. घरापासून पिठाच्या गिरणीपर्यंत आणि परत. दिवसातून पाच वेळा. मार्चच्या मध्यापर्यंत दहा मिनिटं सलग, महिनाअखेर पंचवीस. तोवर उन्हं चढली होती. जळगावचं एप्रिलचं ऊन ज्याने अनुभवलंय त्याला सांगायला नको, नऊनंतर रस्त्यावर पाय ठेवणं म्हणजे तव्यावर ठेवणं. त्यामुळे पहाटे साडेपाचची वेळ ठरली, आणि सपाट रस्ता हवा म्हणून मेहरूण तलाव.

मला इथे थोडं थांबून बोलायचं आहे. पहाटे तलावावर कोण फिरतं? बँकेतले, कॉलेजातले, दुकानदार, निवृत्त साहेब. बूट घालून, गटागटाने. त्यांच्यात पायजमा आणि स्लिपर घातलेला हमाल चालताना दिसला की लोकांच्या नजरेत प्रश्न उमटतो. एखादा अधिकारी कमरेच्या दुखण्याने रजेवर असेल आणि तलावावर फिरत असेल तर त्याचा कुणी फोटो काढत नाही. उलट विचारपूस होते, "काय साहेब, बरं वाटतंय ना आता?" फिरणं हे मोठ्या माणसांचं औषध आणि गरिबाची चैन, असं कुठेतरी ठरून गेलेलं आहे. बापूंना पहिल्या दिवसापासून तिथे अवघडल्यासारखं होत होतं. ते मला म्हणालेही, "भाऊ, लोक देखतस." मी म्हटलं, देखू द्या. ते किती महागात पडणार आहे याची मला कल्पना नव्हती.

फोटोत काय होतं

फोटो मी नीट पाहिला. कंबर फिरवायची ती लोखंडी चकती मी त्यांना सांगितलेली नव्हती. उभं राहून कंबर झटक्याने डावी-उजवी पिळायचं ते यंत्र सरकलेल्या चकतीच्या माणसाने वापरू नये. बागेत बाकीचे करत होते म्हणून तेही दोन-तीन दिवस चढले होते. मी त्यांना त्याच संध्याकाळी सांगून ते बंद केलं. म्हणजे फोटोत एक चूक होती, पण शेठजींना दिसली ती नव्हे. बापू कामचुकार आहेत हे त्यातून दिसत नव्हतं, मी त्यांना काय करायचं नाही हे पुरेसं समजावलं नव्हतं, हे दिसत होतं.

मग प्रश्न उरला चालण्याचा. रोज पाऊण तासात चार किलोमीटर चालणारा माणूस कट्टा का उचलू शकत नाही?

1999 साली जर्मनीतल्या उल्म इथल्या संशोधकांनी एका स्वयंसेवकाच्या कमरेच्या चकतीत दाब मोजणारा बारीक सेन्सर बसवला आणि दिवसभराच्या हालचालींत चकतीवर किती दाब येतो ते नोंदवलं. नुसतं उभं असताना अर्धा मेगापास्कल (हे दाबाचं माप). चालताना 0.53 ते 0.65, म्हणजे उभं राहण्यापेक्षा थोडासाच जास्त. तोच माणूस पाठ वाकवून वीस किलोचं ओझं उचलतो तेव्हा 2.3. गुडघ्यात वाकून उचललं तर 1.7. एकाच माणसावरचं मोजमाप आहे, आकडे प्रत्येकात थोडे हलतील. तरी प्रमाण लक्षात घ्या. चालण्यापेक्षा वीस किलो उचलण्याचा दाब साडेतीन-चार पट, आणि बापूंचा कट्टा पन्नास किलोचा. चालणं आणि उचलणं ही एकाच वाटेवरची मागची-पुढची पायरी नाही, ही वेगवेगळी कामं आहेत. ज्याला चालता येतं त्याला उचलता येईल असं म्हणणं म्हणजे ज्याला वाचता येतं त्याला पोहता येईल म्हणण्यासारखं आहे.

हे बापूंनी माझ्याआधीच शेठजींना सांगून टाकलं होतं, एका ओळीत. "शेठजी, माले चालता येस, पन कट्टा उचलता येत नही."

मिलमध्ये मोजलं ते

शेठजींशी फोनवर वाद घालण्यापेक्षा मी म्हटलं, मी मिलमध्ये येतो, काम बघतो. खरं तर हे मी फेब्रुवारीतच करायला हवं होतं. माणूस कामाला लायक आहे का, हे ठरवणारे आम्ही बहुतेक वेळा ते काम पाहिलेलंच नसतं.

सकाळी नऊला तुरीची एक गाडी लागली. दोनशे कट्टे, दहा टन. चार जणांची टोळी, बापू नसल्याने तिघंच. दोघं कट्टा उचलून तिसऱ्याच्या पाठीवर देतात, तो गोदामात चालत जातो, थप्पी वर चढली की फळीवरून चढतो आणि कट्टा टाकतो. आळीपाळीने जागा बदलतात. सव्वा तासात गाडी खाली झाली. त्यानंतर बारदान झटकणं, चाळणीखालचा भुसा ओढणं, दुपारी तयार डाळीचे कट्टे उलट्या दिशेने गाडीत. एका माणसाच्या वाट्याला दिवसात सव्वाशेच्या आसपास कट्टे येत होते. सहा टनांहून जास्त.

अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेचं ओझं उचलण्याचं एक सूत्र जगभर वापरतात. सगळं अनुकूल असेल, ओझं अंगाजवळ असेल, पिळायचं नसेल, वारंवार उचलायचं नसेल, तर जास्तीत जास्त 23 किलो. यातली एकही अट दालमिलच्या गोदामात पाळली जात नाही, आणि ओझं दुप्पट.

आणखी एक हिशेब मी त्या दिवशी वहीत मांडला, कारण मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आठ तास काम करायचं असेल तर माणसाने आपल्या दमाच्या कमाल क्षमतेच्या साधारण एक तृतीयांशावर काम करावं, असं श्रमाचा अभ्यास करणारे सांगतात. त्याच्यावर गेलं की थकवा साचत जातो, आणि थकलेला माणूस वाकायची पद्धत विसरतो, पाय घसरतो. आता काम तेवढंच राहिलं आणि माणसाची कमाल क्षमता सतरा दिवस खाटेवर पडून घटली, तर तेच काम त्याच्यासाठी निम्म्याकडे सरकायला लागतं. चालून, उठाबशा काढून क्षमता वाढली, तर तेच काम पुन्हा तृतीयांशाकडे येतं. कामाबाहेरच्या व्यायामाचा नोकरीशी संबंध आहे तो असा. शेठजी ज्या व्यायामाकडे बापू बरे झाल्याचा पुरावा म्हणून बघत होते, तो बरं होण्याचा रस्ता होता आणि बापू अजून त्या रस्त्याच्या मध्यावर होते.

पेढीवर

बैठक मिलच्या पेढीवर झाली. गादीवर शेठजी, खुर्चीवर मी, दाराशी मुकादम, आणि बापू उभे, कारण वीस मिनिटांहून जास्त बसलं की पाय भरून यायचा.

शेठजी वाईट माणूस नाही. त्यांनी बापूंच्या मुलीच्या लग्नात मदत केली होती. त्यांची अडचण खरी होती. सीझन चालू, टोळीत चाराच्या जागी तीन माणसं, बदली माणूस मिळेना. उरलेले तिघं बापूंच्या वाट्याचे कट्टे वाहत होते आणि त्यांच्या मनात राग साचला होता. फोटो काढणारा त्यांच्यातलाच एक होता. मला त्याचा राग आला होता. पण त्या दिवशी तो गोदामात दिसला तेव्हा त्याच्या स्वतःच्या कमरेला पट्टा बांधलेला होता. त्यालाही दुखत होतं, आणि बापूंना सुट्टी मिळते, आपल्याला नाही, एवढंच त्याला कळत होतं.

शेठजींनी विमा कार्यालयाला तक्रारीचं पत्र लिहून ठेवलं होतं. त्यामुळे आधी कायद्याबद्दल बोलावं लागलं. तेव्हा लागू असलेल्या 1948 च्या कर्मचारी राज्य विमा कायद्यात आजारपणाची जी व्याख्या होती, तिच्यात उपचाराची गरज आणि वैद्यकीय कारणाने कामापासून दूर राहण्याची गरज या दोन गोष्टी होत्या. अंथरुणावर पडून राहण्याचा त्यात उल्लेख नव्हता. लाभ घेणाऱ्याने उपचाराखाली राहावं, डॉक्टरांचं ऐकावं, बरं होण्यात अडथळा येईल असं काही करू नये, परवानगीशिवाय परगावी जाऊ नये, तपासणीला बोलावलं तर यावं, अशा अटी होत्या. डॉक्टरने सांगितलेलं चालणं म्हणजे डॉक्टरचं ऐकणंच. उलट बापू चालले नसते तर अट मोडली असती. आजारपणाचा लाभ चालू असताना माणसाला कामावरून काढता येत नाही, हेही त्याच कायद्यात होतं, आणि ते मी शेठजींना सांगितलं, कारण मुकादमाच्या तोंडून "नाव कमी करू" असे शब्द बाहेर पडले होते.

पत्र गेलंच. विमा डॉक्टरांनी बापूंना बोलावून तपासलं आणि सुट्टी कायम ठेवली.

पण एक गोष्ट मला तिथे मान्य करावी लागली. शेठजी म्हणाले, "डॉक्टर, ठीक आहे, कट्टा नाही उचलणार. पण चार किलोमीटर चालणारा माणूस काहीच करू शकत नाही असं तुम्ही सांगताय का?" नव्हतो सांगत. पाऊण तास चालणारा, अर्धा तास उभा राहणारा माणूस काट्यावर वजन करू शकतो, कट्ट्याचं तोंड शिवू शकतो, गेटवर गाड्यांची नोंद ठेवू शकतो. व्यायामातून कट्टा उचलण्याची क्षमता कळत नाही, पण काहीतरी कळतंच, आणि त्याकडे मी डोळेझाक करत होतो. "बापू बरे झाले का" असं विचारत बसलो म्हणून आम्ही दोघंही अडलो होतो. "या मिलमध्ये आज बापूंना झेपेल असं काय आहे" असं विचारल्यावर पाच मिनिटांत तीन कामं निघाली.

अडचण विम्याच्या रचनेत होती. काम केलं त्या दिवसाचा आजारपणाचा लाभ मिळत नाही. एक तर तुम्ही कामाला अयोग्य आणि घरी, पगाराच्या सत्तर टक्के लाभ, वर्षात साधारण 91 दिवसांपर्यंत. नाहीतर योग्य, आणि थेट पूर्ण काम. मधली पायरी नाही. अर्धा दिवस हलकं काम आणि अर्धा लाभ, असा कप्पाच नाही. दुखण्यातून उठणारं शरीर नेमकं त्या मधल्या पायरीवर असतं, आणि कागद त्याला ओळखत नाही. मला हे अन्यायाचं वाटतं. खांदेशात दालमिल, चटईचे कारखाने, केळीच्या गाड्या भरणाऱ्या टोळ्या, मिरचीची गोदामं, सगळीकडे कमरा मोडणारं काम आहे, आणि सगळीकडे हाच प्रश्न येतो.

शेवटी शेठजींनीच रस्ता काढला. पूर्ण दिवसाचं हलकं काम, पूर्ण पगार, सहा आठवडे. त्यांनी हे कायद्याला घाबरून केलं की बापूंकडे बघून, मी विचारलं नाही.

शिलाईपासून गोणीपर्यंत

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात, दुखणं सुरू झाल्यापासून अकराव्या आठवड्यात, बापू कामावर गेले. त्याआधी मी पुन्हा तपासलं. पाय सत्तर अंशांपर्यंत उचलला जात होता. उजव्या चवड्यावर पंधरा वेळा. गुडघ्याच्या उंचीवरून दहा किलो दहा वेळा उचललं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पायात काही उतरलं नाही.

दुसऱ्या दिवशीची सकाळ आमच्या कामात फार बोलकी असते. उचलताना दुखलं नाही याला फारसा अर्थ नसतो. रात्र गेल्यावर कमरेत थोडा ताठरपणा आला तर चालतं. पायात कळ उतरली तर कालचं ओझं जास्त होतं, दोन पावलं मागे यायचं. बापूंना हा नियम आकड्यांपेक्षा लवकर कळला.

मिलमध्ये ते कट्ट्यांची तोंडं शिवत. यंत्र वरून टांगलेलं असल्याने त्याचं वजन हातावर येत नाही. अर्धा तास उभं, मग काट्याजवळ बसून नोंदी, मग पुन्हा उभं. सकाळचं फिरणं चालूच राहिलं. कष्टाचं काम परत सुरू झालं की व्यायाम सोडायचा, ही चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो, म्हणून मी पुन्हा पुन्हा बजावत होतो. त्याला आता ताकदीचे व्यायाम जोडले. भिंतीला टेकून उठाबशा, कुशीवर कोपर टेकवून अंग उचलून धरणं, गुडघे-तळव्यांवर येऊन उलटसुलट हात-पाय लांब करणं. आणि त्यांच्या कामाशी मिळता एकच व्यायाम: घरच्या गोणीत तूर भरून ती छातीशी धरून उठणं-बसणं. पाच किलोने सुरुवात, दर दोन आठवड्यांनी दोन-अडीच किलो तूर वाढवायची. वहिनी मापट्याने मोजून घालत. आखाजीला घरी लेक-जावई आले तेव्हा जावयाने विचारलं, या गोणीत बियाणं आहे का, तर त्या म्हणाल्या, नाही, हे औषध आहे.

जुलैअखेर गोणी वीस किलोवर पोहोचली. ऑगस्टमध्ये बापू तयार डाळीच्या तीस किलोच्या पोत्यांवर आले, तेही हातगाडीने, उचलायला दोघं. पन्नास किलोच्या टोळीत ते परत गेले नाहीत. जावं असं मी सुचवलंही नाही. माझ्याकडे काही व्यायामप्रेमी तरुण येतात, त्यांना हे हार मानल्यासारखं वाटतं. मला वाटत नाही. चव्वेचाळीस वर्षांच्या, एकदा चकती सरकलेल्या माणसाला पन्नास किलोच्या कट्ट्याखाली उभं करायला कोणताही व्यायाम पुरेसा आहे, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. व्यायामाने माणसाची क्षमता वाढते. ओझं कमी करायचं ते मालकाने.

चिठ्ठ्यांवर मी आता "पूर्ण विश्रांती" लिहीत नाही. बापूंच्या नंतर मी जे लिहितो ते साधारण असं असतं: "रोज 30 ते 45 मिनिटं सपाट रस्त्यावर चालणं हा उपचाराचा भाग आहे. चालता येणं म्हणजे ओझं उचलता येणं नव्हे. सध्या उचलण्याची मर्यादा अमुक किलो. सलग उभं राहण्याची मर्यादा अमुक मिनिटं. या मर्यादेत बसणारं काम उपलब्ध असल्यास देता येईल. पुढची तपासणी अमुक तारखेला." मराठीत, टाइप करून, मुकादमालाही वाचता येईल अशा मोठ्या अक्षरात. अजून तरी त्यावरून कुणाचा फोटो फिरल्याचं माझ्या कानावर आलेलं नाही.

2025 च्या जानेवारीत, नवीन तूर आली तेव्हा, टोळीतला एक जण गैरहजर होता. ज्याच्या कमरेला पट्टा होता, तोच. बापू त्याच्या जागी उभे राहिले, पंधरा-सोळा कट्टे पाठीवर घेतले. संध्याकाळी काही वाटलं नाही. सकाळी कळ पोटरीपर्यंत उतरली. चार दिवस राहिली. या वेळी ते खाटेवर पडले नाहीत, दुसऱ्या दिवसापासून गल्लीत पिठाच्या गिरणीपर्यंतच्या फेऱ्या सुरू केल्या आणि पाचव्या दिवशी मला सांगायला आले. सोबत त्या पट्टेवाल्यालाही आणलं होतं. त्याचा डावा पाय पन्नास अंशांवर अडला. मी त्याला विचारलं, पहाटे किती वाजता उठता? तो बापूंकडे बघू लागला.